दोऱ्याचं दुसरं टोक

मी फक्त एक गाठ सोडली होती. एकच! तर छताला टांगलेल्या सगळ्या साड्या सरसर खाली आल्या, लाकडी बैल आडवा झाला, आणि मी त्या ढिगाऱ्याखाली डोक्यापर्यंत बुडाले. काठ-पदर बाजूला सारत कसंबसं डोकं वर काढलं, तर काचेपलीकडे छत्री घेतलेला एक माणूस उभा… आणि चक्क हसतोय!

मी चिडून हातानेच 'चालते व्हा' अशी खूण केली. त्याने उलट खूण केली – आधी बोट वर, मग डावीकडे, मग हवेतच गाठ मारल्यासारखं काहीतरी. मला काडीचं कळलं नाही. तेवढ्यात समोरच्या थांब्यावर बस आली आणि तो छत्री मिटत पळाला.

ही गोष्ट शहात्तर सालची, सीताबर्डीवरच्या 'नागवेल हातमाग' या कंपनीच्या शोरूममधली. चित्रकलेचा डिप्लोमा घेऊन मी सावनेरहून नागपूरला आले होते, आणि त्या शोरूमची दर्शनी काच माझ्या ताब्यात आली होती. आधी ती सजवणारा माणूस काम सोडून गेला होता. मॅनेजर मनोहरराव पहिल्याच दिवशी म्हणाले, "नवीन काही मांडू नका, चारुशीलाबाई. त्याचंच राहू द्या. फक्त थोडं थोडं बदलत जा."

थोडं थोडं म्हणे! दुसऱ्याने मांडलेलं बदलणं काय असतं, ते करणाऱ्यालाच ठाऊक. कोणती साडी कशावर तोललीय, हा खिळा इथे कशाला, आरसा तिरपा का – सांगणारं कुणी नाही. एक निळी साडी काढली की मागचा पुठ्ठ्याचा डोंगर उघडा पडायचा. दिवा जरा सरकवला की बैलाची सावली नेमकी कंपनीच्या नावावर. आणि दोऱ्यांची टोकं तर सगळी कुरतडलेली! मी हट्टाने उंदरांचा पिंजरा लावून घेतला. त्यात रोज ताजं भजं ठेवायचे. उंदीर काही सापडेना.

महाल भागात यमुताईंच्या घरी माझी खोली होती. त्या दिवेलागणीलाच कवाड लावून घेत, म्हणजे तिथेही बोलणं नाही. आणि दिवसभर मी काचेत, भर बर्डीवर, एवढ्या गर्दीसमोर! पण लोक साड्या बघत. बायका काचेला नाक लावून काठ न्याहाळायच्या, आणि मी तोंडात टाचण्या धरून तिथेच उभी असले तरी त्यांची नजर माझ्या आरपार जायची. फार एकटं वाटायचं. मग मी त्या न पाहिलेल्या माणसाशी बोलायचे. "हा बैल काहून असा मान वळवून पाहून राहिला, सांगा ना?" तो कुठला उत्तर देतोय! पण त्याचे हात मात्र मला ओळखीचे झाले होते.

साड्या कोसळल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रिमझिम होती. छत्रीवाला पुन्हा आला. या वेळी त्याने बाजूच्या दारावर टकटक केली.

"वरच्या हुकाची गाठ शेवटी सोडाची असते," तो म्हणाला. "तुम्ही तीच पहिले सोडली."

"तुम्हाले कसं माहीत?"

"मीच मारली होती न ती."

तर हा तो! गिरिधर नाव. आता जरीपटका भागात दुकानांच्या पाट्या रंगवायचा आणि घरी जाताना इथे बस बदलायचा. मी उगाचच पदर सावरला.

"म्हणजे मी काय काय बिघडवलं, ते पाहाले येता होय?"

"बिघडवलं कुठं? तो निळा रंग तुम्ही खाली आणला… मले कधी सुचलं नाही." त्याने छत्रीचं पाणी झटकलं. "मी रोज पाहतो."

"साड्या?"

"साड्या तर माह्याच हातच्या होत्या. त्या काय पाहाच्या…"

मी टाचण्यांची डबी शोधायला वळले. ती माझ्या हातातच होती.

तेवढ्यात त्याला पिंजरा दिसला. "हा काहून?"

"उंदीर झालेत. सगळे दोरे कुरतडले मेल्यांनी."

त्याने बोटाने स्वतःचे दात दाखवले. "हा पाहा तुमचा उंदीर. गाठ माराले दोन माणसं लागतात – एक जण टोक ओढून धराले, दुसरा बांधाले. मी एकटाच. मग धराचं दातात."

"इतकी वर्षं?"

"म्हणून तर सोडलं. माणूस दिवसभर तोंडात दोरा धरून राहिला, तर बोलाचं विसरून जाते." मग हसून म्हणाला, "आता सापडलोच आहो, तर भजं तरी द्या!"

त्यानंतर तो रोज येऊ लागला. काचेबाहेर उभा राहून हातवारे करायचा – वर, खाली, अजून थोडं… मी मुद्दाम एखादी साडी वाकडी लावायचे. त्याने खूण करावी म्हणून! आणि उशीर झाला की माझं सगळं लक्ष थांब्यावर. प्रेमात पडले होते, दुसरं काय. पण सांगणार कोणाला?

पोळा जवळ आला. तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल मिरवत बर्डीवर येणार, त्याआधी काच तयार हवी होती. अशाच एका संध्याकाळी तो दारात अडखळत म्हणाला, "जबलपूरहून बोलावणं आलं आहे… मोठं दुकान आहे. उद्या हो की नाही, कळवाचं आहे."

"मग?"

"मग काय… इथं थांबाले काही कारण तर पाहिजे न." आणि त्याने माझ्याकडे पाहिलं.

मी काय म्हणावं? "जबलपूर चांगलं शहर आहे म्हणतात!" घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडले.

दुसऱ्या दिवशी सगळं मांडून झालं होतं. शेवटची, वरच्या हुकाची गाठ तेवढी राहिली. मी स्टुलावर चढले, दोन्ही हातांनी भार पेलला आणि दोऱ्याचं टोक दातात धरलं. समोर थांब्यावर गिरिधर उभा होता. आज काचेशी आला नाही. लांबूनच एक हात वर केला… निरोपाचा. बस वळणावर दिसली.

तोंड उघडलं तर सगळं कोसळणार. नाही उघडलं तर तो जाणार.

"गिरिधर!"

काचेतून हाक कुठली ऐकू जाते! पण साड्या सरसर खाली येताना त्याला दिसल्या. मी पुन्हा डोक्यापर्यंत बुडाले. बाहेर बस थांबली, निघून गेली. मग बाजूचं दार वाजलं आणि कुणीतरी माझ्या डोक्यावरून पदर दूर केला.

"काहून सोडलं?" तो धापा टाकत होता.

"तुम्हाले हाक मारली…"

त्याने साड्या गोळा केल्या, स्टुलावर चढून दोरा ओवला आणि एक टोक माझ्या हातात दिलं.

"जबलपूरले जाऊ नका," मी म्हणाले.

"काहून?"

"दोरा धराले कोणी पाहिजे."

"एवढंच?"

"नाही… एवढंच नाही. तुम्ही गेले तर मले करमणार नाही."

त्याने गाठ मारायची म्हणून हात पुढे केला, तो माझ्या हातावरच राहिला.

"नाही म्हणून कळवतो," तो हळूच म्हणाला. "पण नीट धर न वं… पुन्हा पडंल सगळं."

"धरलं आहे गा."

तेव्हा कुठे मनोहररावांचं खाकरणं ऐकू आलं आणि मी बाहेर पाहिलं. काचेसमोर ही गर्दी! सायकली थांबलेल्या, छत्र्या दाटलेल्या. पुढच्या बाईने शेजारणीला कोपराने ढोसलं, हसली आणि काचेवर बोट टेकवलं. मी सवयीने मागे वळून पाहिलं, कुठली साडी दाखवते म्हणून.

मागे नुसता पुठ्ठ्याचा डोंगर होता. ती मला दाखवत होती.