धनी गेल्याची वर्दी

सप्टेंबर सरत आला होता. कास्पर आल्टहोफ मध आणि मेण घेऊन मिसूरी नदीपलीकडच्या बाजाराला निघाला, तेव्हा त्याची बायको एंगेल गोठ्यात धार काढत होती.

"मीठ आण. आणि या खेपेला मीठच आण," ती गाईच्या पोटाआडून म्हणाली. "मागे सुया सांगितल्या तर तंबाखू घेऊन आलास."

"सुयांनी काय चिलीम भरायची?" असं म्हणून तो हसत गेला. रोजच्यासारखाच गेला, मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

दुपारी शेजारचा टोनिएस धापा टाकत आला. त्याच्या हातात कास्परची टोपी होती. मधल्या धारेत ओंडका आदळला, होडी उलटली, दोघे काठाला लागले, कास्पर लागला नाही. एवढं सांगून तो गडी अंगणातच मटकन बसला.

आमच्या लोकांत एक रीत आहे. जर्मनीतल्या वेस्टफालियातून इकडे अमेरिकेत येताना बाकी पुष्कळ मागे राहिलं, ही तेवढी पेटाऱ्यात बांधल्यासारखी बरोबर आली. घरधनी गेला की सूर्य बुडायच्या आत वर्दी द्यायची. मधमाश्यांच्या पोळ्यांवर किल्लीने टकटक करून सांगायचं, गोठ्यात गुरांना उठवून सांगायचं, बियाण्याची पोती जागची हलवायची. नाही सांगितलं तर माश्या मरतात, गाय आटते, बी उगवत नाही. धन्यामागे धन्याचं सगळं जातं म्हणतात.

"थांब गं," सासू म्हणाली. "अजून काही सापडलं नाही. माझा पोरगा आहे तो, आतून कळलं असतं मला."

"तुम्हाला कळेपर्यंत सूर्य बुडेल, सासूबाई! हिवाळ्यात या इल्झेच्या तोंडात काय घालू, तुमचं कळणं?"

फार तोडून बोलली बिचारी. पण सात वर्षांची पोर झग्याला धरून उभी, घरात राय या धान्याची जुनी दोनच पोती, नवी राय अजून पेरायची. रडायला सवड कुठे होती? तिने किल्ली घेतली. परसात ओकाच्या झाडाखाली गवताने विणलेल्या टोपल्यांत आठ पोळी होती. प्रत्येकावर तीनदा वाजवून ती म्हणाली, "माश्यांनो, तुमचा धनी गेला. आता मी तुमची धनीण." आत एकदा मोठा गुंजारव उठला आणि शांत झाला. गाय उठली. पोती हलली. सगळं रीतसर झालं.

आणि तिसऱ्या दिवशी, चांगल्या ऊन-उजेडात, कास्पर रानातून चालत आला.

अंगावर चिखल, पायात एकच बूट. म्हणाला, चार कोस खाली वाहत गेलो, एका वाळुंजाच्या फांदीला अडकलो, मग चालत आलो. इल्झे तर त्याच्या गळ्यातून उतरेना. सासू हसत होती, रडत होती, एंगेलला चिमटे काढत होती. एंगेलने त्याचं तोंड दोन्ही हातांनी धरलं आणि म्हणाली, "मीठ कुठाय?" मग मात्र तिचा बांध फुटला.

त्याच संध्याकाळी कास्पर गोठ्यात गेला. गाईने त्याच्याकडे बघितलंही नाही. लाथ मारली असती तरी चाललं असतं, पण त्याचा हात कासेला लागला नि धार थांबली. एंगेल बसली, की लागलीच सुरू. तो माश्यांकडे गेला तर आठही पोळी एकदम गप्प झाली. चालू असलेलं बोलणं परका माणूस आल्यावर थांबतं ना, तशी. तो मागे फिरला की पुन्हा गुंजारव.

राय पेरली. अर्धी त्याने, अर्धी तिने, पोतं एकच. आठव्या दिवशी तिच्या पट्ट्यात हिरवं दिसू लागलं. त्याची माती काळीच.

कास्परला आता बसवेना. पावाचा तुकडा मोडला की उठायचा, दारापर्यंत जायचा, परत यायचा. चालता चालता खायचा. बाकावर टेकला तर क्षणात उभा. दिवसभर शेतातल्या तासांतून येरझाऱ्या, काम काहीच नाही.

"अरे, पायाला काय भोवरा बांधलाय का?" एंगेल शेवटी ओरडलीच.

तो थांबला. "एंगेल… मला कुणीतरी बाहेर ढकलतंय गं. हाताने नाही. पण घरात पाऊल टाकलं की आपण चुकीच्या घरी आलोय असं वाटतं. काय झालं इथे, मी नव्हतो तेव्हा?"

मग तिला सांगावंच लागलं. ऐकून तो आधी हसला. हसता हसता त्याचा चेहरा उतरला. "आणि परत सांगायचं काही नाही का? की बाबा, आला म्हणून?"

तिने सांगून बघितलं होतं. रोज सांगत होती. पोळ्यांवर डोकं टेकून सांगितलं होतं, माझं चुकलं, तो जिवंत आहे. माश्यांनी कान दिला नाही.

"गेल्याची वर्दी असते, आल्याची नसते," सासू म्हणाली. म्हातारी चार दिवस चुलीजवळ बसून विचार करत होती. "एकच वाट दिसते. विधवेनं दुसरा नवरा आणला, की त्याला चुलीवर भांडं टांगायच्या साखळीभोवती तीनदा फिरवतात आणि नवा धनी म्हणून वर्दी देतात. तसं करू. तू बाहेर जा, आणि परक्यासारखा दार वाजव."

"मी नवा धनी… मग जुना?"

म्हातारीने त्याच्याकडे बघायचं टाळलं. "तो गेला असं सांगितलंयच ना आता."

एंगेलने किल्ली उचलली, परत ठेवली. पण माणूस तिच्या डोळ्यांसमोर झिजत होता आणि अर्धं शेत काळं पडलं होतं. तिला तिचा कास्पर त्याच्या बाकावर बसलेला हवा होता, बाकी तिला काही नको होतं. त्याने बाहेर जाऊन दार वाजवलं, तिने त्याला हात धरून आत घेतलं, साखळीभोवती तीनदा फिरवलं. मग किल्ली घेऊन परसात गेली. "जुना धनी गेला. हा नवा धनी आला."

आठही पोळी गुणगुणू लागली. घरात कास्पर बाकावर बसला, आणि बसून राहिला. पोटभर जेवला. दुसऱ्या दिवशी गाईने त्याला चरवीभर दूध दिलं. पाचव्या दिवशी त्याचा पट्टा हिरवा झाला. एंगेलने कित्येक दिवसांनी नीट वेणी घातली.

पुढच्या रविवारी भर दुपारी सगळे जेवायला बसले होते. सूप वाफाळत होतं. कास्पर पाव कापत होता. तेवढ्यात दार वाजलं.

"एंगेल… दार उघड गं."

हाक थकलेली होती. ओळखायला मात्र क्षणही लागला नाही. एंगेलच्या हातातली पळी सुपात पडली.

"किती दिवस चालतोय मी… जिथे जातो तिथून बाहेरच पडतो. आपलं घर आहे ना हे? मला आत घे…"

"बाबा!" इल्झे टुणकन उठली, दाराकडे धावली, आणि मधेच थबकली. तिने मागे बाकाकडे बघितलं. मग पुन्हा दाराकडे. सासूने तिला ओढून पोटाशी घेतलं आणि आपले कान झाकले.

कास्परची सुरी पावात तशीच रुतून राहिली होती. इतके दिवस शांत बसलेल्या त्या माणसाने बाकाची कड दोन्ही हातांनी धरली.

"एंगेल," तो हळूच म्हणाला, "आवाज माझाच आहे गं… मग इथे कोण बसलंय?"

ती दाराशी गेली. अडसराला हात लावला. पलीकडे कुणीतरी फळीला कपाळ टेकलं होतं, श्वास ऐकू येत होता. उघडावं तर आत आहे त्याचं काय होईल? न उघडावं तर… तिने इल्झेकडे बघितलं, पोरीच्या हातातल्या पावाकडे बघितलं. मग डोळे मिटले आणि अडसर सरकवून दार पक्कं बंद केलं.

श्वास बराच वेळ तिथेच होता. मग पावलं वाजली, पायरी उतरून गेली.

आपला नवरा दाराच्या कुठल्या बाजूला राहिला, हे एंगेलला शेवटपर्यंत कळलं नाही. आतल्याबरोबर तिने तीस वर्षं संसार केला, चांगला केला. फक्त दर रविवारी दुपारी ती पावाचा एक तुकडा बाहेर पायरीवर ठेवायची. त्याला कधी पाखरू शिवलं नाही, मुंगी लागली नाही. संध्याकाळी उचलायला जावं, तर तो तुकडा आतपर्यंत भिजलेला असायचा, आणि पिळला की नदीचं गढूळ पाणी निघायचं.