‘डीपली’ची चाळीस कार्डे

सोमवार, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे. स्थळ, शब्दकोश कार्यालयाचा दुसरा मजला. संपादकांनी ‘डी’ अक्षराचा खण ओढला, तेव्हा ‘डीपन’ या शब्दामागे चार बोटे जागा रिकामी होती. ‘डीपली’ या इंग्रजी क्रियाविशेषणाची चाळीसही उदाहरण-कार्डे नाहीशी झाली होती.

साडेअकराला तात्या येऊन बसले. निवृत्त मुद्रितशोधकाचा स्वभावच संशयी; त्यांना बोलावणाऱ्या संपादकांकडेही ते चष्म्यावरून बघत होते.

“पळवण्यासारखे त्यात होते काय?”

“सव्वीस जुनी कार्डे भावनेची,” संपादक म्हणाले. “डीपली ग्रेटफुल, डीपली हर्ट, म्हणजे मनापासून ऋणी, मनातून दुखावलेला. चौदा नवी आमच्या टंकलेखिकाबाईंनी जमवली. ती मीच शुक्रवारी संध्याकाळी खणात ठेवली. आता आमचे पंडित म्हणतात, ती चौदा बनावट होती आणि तपासणीच्या धास्तीने बाईंनीच सगळी उचलली. पाच वाजता त्यांना कमी केल्याचे पत्र निघेल.”

पंडित म्हणजे उपसंपादक. ते हिरव्या शाईने मुद्रिते तपासत होते. मान वर न करता बोलले.

“तात्या, डीपली हा शब्द भावनेपुरता आहे. प्रत्यक्ष खोलीसाठी डीप पुरतो. माझ्या प्रस्तावनेत ते सिद्ध केले आहे, आणि प्रस्तावना छापखान्यात गेली आहे.”

“बाईंची कार्डे पाहिलीत?”

“मी? ऐकूनच हसलो. कार्डाचे तोंडही पाहिले नाही.”

“खणाची किल्ली?”

“खुंटीवर. आंधळ्यालाही सापडेल.”

टंकलेखिका डोळे कोरडे ठेवून उभी होती.

“उदाहरणे कुठली, ताई?”

“माझी बहीण परिचारिका आहे, तिच्या पुस्तकातली. ब्रीद डीपली, म्हणजे खोल श्वास घ्या. जखम डीपली गेली असेल तर काय करायचे, असली. पुस्तक आणलंय. पण तात्या, वाचणार कोण? मला कामावरून काढलं तर घरी काय सांगू, एका शब्दापायी गेले?”

बाईंनी खुणा करून ठेवलेली चौदाही पाने तात्यांनी पुस्तकात वाचून पाहिली. वाक्ये अस्सल होती. मग त्यांनी विचारले, “बाद झालेली कार्डे कुठे ठेवता?”

जिन्याखालच्या पेटीत, असे कळले. पेटीची धूळ एका कोपऱ्यात पुसलेली होती. कार्डे तिथेच सापडली. चाळीसच्या चाळीस, वर्षवार लावलेली.

तात्यांनी गठ्ठा टेबलावर ठेवला.

“बाईंनी चोरली असती तर पिशवीत घालून नेली असती, चुलीत टाकली असती. पण चोर आपल्याच धंद्यातला. कार्डे फाडायला त्याचा हात धजला नाही, म्हणून त्याने ती बादच्या पेटीत नीट लावून ठेवली. लपवायची होती चौदाच. पण तेवढीच गेली असती तर बोट कारणाकडे गेले असते. कारण ही चौदा खरी ठरली की छापखान्यातली एक प्रस्तावना खोटी ठरते.”

“हा तर्क झाला,” पंडित म्हणाले.

“तर्क इथवरच. साहेब, शुक्रवारी बाईंच्या कार्डांवर दुरुस्त्या होत्या?”

“एकही नव्हती.”

“आता चौदाही कार्डांवर आहे. बाईंनी पुस्तकाचे वर्ष शेवटी लिहिले होते; कोशाच्या नियमाप्रमाणे ते लेखकानंतर हवे. कोणीतरी बाण काढून ते जागेवर आणले आहे, हिरव्या शाईने. चोरी करतानाही, पंडित, तुम्हाला चूक तशीच सोडवली नाही.”

पंडितांनी एक कार्ड उचलले, आपलाच बाण पाहिला आणि लेखणीचे टोपण लावले.

“वीस वर्षे मी तो शब्द भावनेचा म्हणून शिकवला,” ते हळू म्हणाले. “एका टंकलेखिकेने परिचारिकेच्या पुस्तकातून मला शिकवायचे?”

संपादकांनी पाच वाजताचे पत्र फाडले, कार्डे खणात परत लावली आणि निर्णय सांगितला.

“बाई कामावर राहतील. डीपलीचे दोन्ही अर्थ छापले जातील. पंडित, तुमचा राजीनामा आजच द्या.”