सतरा क्रमांकाची खात्री

नागपूरच्या निर्णयमापन प्रयोगशाळेत बैठक चालू होती. कूलर घोंगावत होता आणि पडद्यावर एका माणसाची मागच्या महिन्यात नोंदलेली फजिती रंगली होती. माणूस कुठेच दिसत नव्हता. दिसत होती एक लाल रेघ आणि तिच्याखाली त्याचा क्रमांक, सतरा.

"हे पहा, पुन्हा तेच," प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. यशोधर वानखडे म्हणाले. "युरो घसरतोय आणि हा गृहस्थ आणखी युरो घेतोय. तोटारोधसुद्धा काढून टाकला."

भाव ठरावीक पातळीखाली गेला की सौदा आपोआप बंद करणारी सोय म्हणजे तोटारोध. परकीय चलनाचे ऑनलाइन व्यवहार शिकायला आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी ती लावायला शिकवतात. लावतात सगळे. पण भाव तिच्या जवळ आला की बरेच जण गुपचूप ती काढून टाकतात.

"शंभरातल्या ऐंशी वेळा चूक," वानखडे चष्मा पुसत म्हणाले. "नाणं उडवलं असतं तरी निम्म्या वेळा बरोबर आलं असतं. याला घरचे भाजी आणायला तरी कसे पाठवतात?"

सगळे हसले. चलनविनिमय कंपनीचे प्रतिनिधी सोमाणी तर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. एकट्या डॉ. रेवती गजभिये हसल्या नाहीत. वानखड्यांची ही जुनी विद्यार्थिनी आता त्यांची सहकारी होती, आणि ज्या यंत्राने ती लाल रेघ काढली होती ते दोघांनी मिळून बनवलं होतं.

"आणि काळीज बघा याचं," वानखडे पुढे म्हणाले. "एवढा बुडतोय, पण हृदयाचा ठोका जरासुद्धा हललेला नाही. थंड रक्ताचा मूर्ख."

"आम्हाला हाच माणूस हवाय," सोमाणी म्हणाले. "पण मॅडम, एकदा साध्या भाषेत सांगा. वरच्यांना मला पटवून द्यायचंय."

रेवतीने टेबलावरची कपाळपट्टी उचलली. घामाची पट्टी असते तशीच ती दिसत होती; आतल्या बाजूला मात्र मेंदूबरोबर हृदयाचे ठोकेही टिपणाऱ्या संवेदकांची जाळी होती.

"हा खात्रीमापक. माणसाला एखाद्या गोष्टीची किती खात्री वाटते, ते हा मोजतो. खात्री दोन प्रकारची असते. पुरावे पाहून येणारी खात्री हळूहळू वाढते. दुसरी एकदम उसळते, आणि ती लाजेतून येते. सौद्यात तोटा झाला की माणसाला आधी पैशाचं दुःख होत नाही, लाज वाटते. ती मेंदूला फार वेळ सोसवत नाही. म्हणून मेंदू तिच्यावर झाकण ठेवतो. आता भाव फिरणार, मला माहीत आहे, अशी खात्री तयार करतो. आम्ही तिला झाकणखात्री म्हणतो."

"आणि ती चुकीची असते?"

"तिला बाजाराशी देणंघेणंच नसतं. जे खरं ठरलं तर आपली लाज पुसली जाईल, तेच ती खरं मानते. लाखो नवशिके असेच तोट्यातला सौदा धरून हट्टाने बसतात. शेवटी सगळे एकदम सोडतात आणि भाव नेमका त्यांच्या उलट्या दिशेला धावतो."

"म्हणजे कायम चुकणारा माणूस कायम बरोबर येणाऱ्याइतकाच कामाचा," सोमाणी खुशीत म्हणाले. "तो घेईल ते आपण विकायचं."

"अशा माणसाला आम्ही व्यस्त, म्हणजे उलटा, सूचक म्हणतो," वानखडे म्हणाले. "अट एकच. आपण व्यस्त सूचक आहोत हे त्याला कळता कामा नये. कळलं की माप बिघडतं. करारात हे कलम मीच घातलंय."

हे कलम मोठं सोयीचं होतं. शहरातल्या चाळीसेक माणसांना कंपनी चलनव्यवहार फुकट शिकवत होती. त्यांना सराव खातं, खोटे पैसे आणि खरे भाव मिळत, आणि कपाळाला एकाग्रता वाढवणारी पट्टी. पट्टी खरं म्हणजे काय करते आणि तिचं माप कुठे जातं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं तर विज्ञानाचं नुकसान झालं असतं, असं वानखडे मानत. त्यांना झोप चांगली लागत असे.

याच वर्गात त्यांच्या वहिनी होत्या. शालिनीवहिनी त्यांच्या थोरल्या भावाच्या पत्नी. भाऊ गेल्यावर वर्धा रोडचा प्लॉट विकून त्यांच्या हाती थोडी रक्कम आली होती आणि तिचं काय करावं हे त्यांनी भाऊजींना विचारलं. भाऊजी सहज बोलून गेले, "मी स्वतः करून बघतोय. जमतंय मला. या तुम्हीही." सराव संपवून वहिनी सोमवारी खरं खातं उघडणार होत्या.

भाऊजी करून बघत होते हे खरं होतं. प्रयोगशाळेचा एक जुना दंडकच होता. कुठलंही यंत्र बाहेरच्या माणसाच्या डोक्यावर चढवण्याआधी ते प्रमुखाने वापरायचं, आणि शेवटपर्यंत वापरायचं. आपल्या नोंदींकडे कुणी मान राखून पाहू नये म्हणून त्याचाही क्रमांक स्टीलच्या डब्यातल्या चिठ्ठ्यांतून निघे आणि तो फक्त रेवतीला माहीत असे. वानखडे आपल्या खोलीत बसून रोज तासभर सराव करत. जमतंय हे मात्र खरं नव्हतं. आपण थोडे मागे आहोत, दोन-चार सौद्यांत भरून निघेल, असं त्यांना वाटत होतं. चांगलंच ठाम वाटत होतं.

बैठक संपल्यावर ते रेवतीला म्हणाले, "सतरा कोण आहे?"

"सर, विचारायचं नाही हा नियम तुमचाच आहे."

"मीच मागे घेतो. कंपनी त्याच्या नोंदीवर पुढची पाच वर्षं प्रयोगशाळेचा खर्च उचलायला तयार आहे."

रेवतीने नाव सांगितलं नाही. तिने पडद्यावर सतरा क्रमांकाच्या हृदयाची नोंद मोठी केली. ठोके ओळीने उभे होते, सगळे एका अंतरावर, आणि प्रत्येकाच्या आधी एक बारीक सरळ काटा.

"हा काटा माणसाच्या हृदयाचा नाही, सर."

वानखड्यांचा हात आपोआप डाव्या खांद्याखाली गेला. तिथे कातडीच्या आत दोन वर्षांपूर्वी बसवलेला, प्रत्येक ठोक्याआधी हृदयाला विजेचा टोला देणारा पेसमेकर होता.

त्यांना आठवत होतं ते सगळ्यांचं हसणं, आणि ते आपणच सुरू केलं होतं हे. कानांच्या पाळ्या इतक्या तापल्या की त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"तू तेव्हाच का बोलली नाहीस?"

"माप बिघडेल म्हणून, सर. करारात कलम आहे."

रेवती गेल्यावर त्यांनी कपाळपट्टी बांधली आणि सराव खातं उघडलं. येन वर जाणार असं त्यांना वाटलं. छान, मग विकायचा. आपण उलटे आहोत ना, मग उलट्याचं उलट करू. इतकी साधी गोष्ट आजवर सुचली कशी नाही, याचंच त्यांना नवल वाटलं. त्यांनी येन विकला आणि येन वर गेला. पौंडाचंही तसंच झालं. तिसऱ्या सौद्याला त्यांनी तोटारोध काढून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेवतीने नोंद पाहिली.

"काल तुम्हाला सगळं माहीत होतं, तरी तुम्ही नेहमीसारखेच चुकलात," ती हळू आवाजात म्हणाली. "उलट करायचं हेही तुम्हीच ठरवलंत ना? लाज वाढली, खात्री वाढली. बोटं काय दाबतात ते मापक बघत नाही, सर, तो खात्री बघतो."

"म्हणजे कळल्यानं माप बिघडत नाही."

"नाही."

"म्हणजे ते कलम..."

"त्याला काही आधार नाही. आपण त्या लोकांपासून ते लपवलं, बस्स."

वानखडे खुर्चीत बसले. आदल्या दिवशीची लाज त्यांना एका परीने सोसली होती; मूर्ख ठरणं वाईट, पण त्यात पाप नव्हतं. ही लाज वेगळी होती. शास्त्राचं नाव पुढे करून त्यांनी चाळीस माणसांची फजिती विकली होती आणि त्यांत घरचंच एक माणूस होतं. वहिनींनी परवाच त्यांना पुरणपोळीचा डबा पाठवला होता, चलन शिकवलं म्हणून.

"शनिवारच्या वर्गात सांगून टाकतो," ते म्हणाले. "ऐकल्यावर कुणी थांबणार नाही. उठून चालते होतील, कदाचित मला शिव्याही देतील. देऊ देत. वहिनी तर प्लॉटच्या पैशाला हात लावणार नाहीत."

"तुम्हाला खात्री आहे?"

"शंभर टक्के."

रेवतीने टेबलावरची कपाळपट्टी त्यांच्याकडे सरकवली.

शनिवारी वर्ग भरला होता. कपाळपट्ट्या बांधून माणसं आपापल्या पडद्यांसमोर बसली होती. मागे रेवतीच्या टेबलावर सगळ्यांच्या खात्रीच्या रेघा हळूहळू सरकत होत्या. दंडक म्हणून वानखड्यांनीही पट्टी बांधली आणि ते उभे राहिले. भाषण त्यांनी लिहून आणलं नव्हतं.

"तुम्हाला इथं शिकवायला आणलं नव्हतं," ते म्हणाले. "तुमच्या चुका मोजायला आणलं होतं. तुम्ही घ्याल ते कंपनी विकते आणि त्यावर नफा कमावते. ही पट्टी एकाग्रतेची नाही. मला हे सगळं माहीत होतं."

कुणीतरी कपाळावरची पट्टी चाचपून पाहिली.

"आणि तुमच्यात सगळ्यात वाईट खेळणारा माणूस, क्रमांक सतरा, तो मी आहे. मला जमतं असं मी खोटंच सांगत होतो. वहिनी, तुम्हालाही खोटंच सांगितलं." ते पुन्हा वर्गाकडे वळले. "तोटा झाला की माणसाला लाज वाटते, आणि ती झाकायला मन खोटी खात्री तयार करतं. ती येईल तेव्हा उठा. आत्ताच उठा, घरी जा. सोमवारी खातं उघडू नका."

ते वाट पाहत उभे राहिले. खुर्च्या मागे सरकल्याचा आवाज त्यांना जवळजवळ ऐकू आला. एकही खुर्ची सरकली नाही.

लोक एकमेकांकडे बघत नव्हते. मान खाली घालून ते आपापल्या पडद्यावरचा तोटा बघत होते, पहिल्यांदाच नीट. काहींचे चेहरे लाल झाले होते. मग मागच्या बाकावरून एका किराणा दुकानदाराने हात वर केला.

"सर, मग उलट केलं तर? वाटलं त्याच्या उलट?"

"मी करून पाहिलं. होत नाही."

"तुमचं नसेल झालं, सर. तुम्ही सतरा नंबर."

दोन-तीन माणसं हसली आणि वर्गावरचा ताण एकदम सैल झाला. वानखड्यांनी पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनींकडे पाहिलं. त्यांचे डोळे ओले होते. वहिनी उठल्या, त्यांच्याजवळ आल्या, आणि वानखड्यांना हायसं वाटलं.

"भाऊजी, जिवाला लावून नका घेऊ," वहिनी म्हणाल्या. "चार लोकांसमोर खरं बोलायला हिंमत लागते. मीही तोट्यातच होती, तुम्हाला सांगायची लाज वाटत होती म्हणून चूप बसली. आता कळलं ना कुठं चुकून राहिली होती ते. आता नाही चुकत मी."

"वहिनी, हीच ती खात्री. मी आत्ता हेच सांगत होतो."

"समजलं ना जी मला सगळं. म्हणूनच म्हणते." त्यांनी पदराने डोळे पुसले आणि कपाळावरची पट्टी नीट बसवली. "सोमवारी या माझ्यासंगं खातं उघडायला. थोडे नाही, सगळेच पैसे लावते. मागचं भरून निघालं पाहिजे."

त्या आपल्या जागेवर जाऊन बसल्या. वर्गात कळफलकांची टकटक सुरू झाली. ती रोजच्यापेक्षा जोरात होती.

वानखडे मागे रेवतीच्या टेबलापाशी आले. पडद्यावर चाळीस रेघा एकाच वेळी उसळल्या होत्या. कोपऱ्यात सोमाणींचा निरोप चमकत होता. इतका स्वच्छ संकेत आजवर मिळाला नव्हता आणि आज नेमकं काय शिकवलंत, असं त्यांनी कौतुकाने विचारलं होतं.

वानखड्यांनी तो वाचला. लाजेने त्यांना घाम फुटला. मग त्यांनी मान वर केली.

"वहिनींना मी सोमवारच्या आत थांबवीन," ते म्हणाले. "माझं ऐकतील त्या. मी ओळखतो त्यांना. नक्की ऐकतील."

रेवतीने पडदा त्यांच्याकडे वळवला. सतरा क्रमांकाची रेघ सगळ्यांच्या वर जाऊन पडद्याच्या काठाला टेकली होती.