जोडीनं घेतलेला उजेड

मालोजीच्या तळव्यांची साखरेच्या आजारानं पार लाकडं झाली होती. चप्पल वाटेत निसटली तरी घरी येईपर्यंत पत्ता नसायचा. म्हणून आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या वाडीतून तो आणि बनुबाई एसटीनं महाडला यायचे. डेपोमागच्या दवाखान्यात अंकिता नावाची तरुण डॉक्टरीण त्याच्या पायांना लाल उजेडाचे पट्टे बांधायची.

"काका, यानं काहींच्या नसांना गुण येतो. सगळ्यांना नाही हं," तिनं आधीच सांगितलं होतं.

पहिल्याच दिवशी पट्टे पेटले आणि शेजारी बसलेल्या बनुबाईनं डोळे मिटून उजवा हात नवऱ्याच्या कोपराला लावला. सत्यनारायणाला बसल्यावर बायको लावते ना, तसाच.

अंकिताला हसू आलं. "काकू, ही पूजा नाही."

"असूं दे गो बाय. जोडीनं केलेलं दोघांना पावतं."

पुढं एका दुपारी मालोजी ओटीवर पाय पसरून बसला होता आणि एकदम तळव्यांना गार पाणी लागलं. खाली शेवाळलेले दगडसुद्धा कळले. त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. पाय मात्र कोरडे, सारवलेल्या जमिनीवर. थोड्या वेळानं बनुबाई ओढ्यावरून हंडा घेऊन आली, पावलं ओली.

दोन दिवसांनी त्याच्या टाचेत कळ गेली. बनुबाई रानातून आली ती ओटीवर रक्ताचे ठसे उमटवीत. टाचेत करवंदीचा काटा मोडलेला.

"अगो, काटा!"

"खंय? मला नाय कळला."

आता माणसानं तिथंच बोलावं की नाही? मालोजी नाही बोलला. इतक्या वर्षांनी पायाला माती लागत होती, सोडवेना. उलट सकाळी दव पडलं की म्हणायचा, "अगो, जरा गवतातनं फिरून ये. चपला कशाला, इथल्या इथं तर जायचंय!" ती मुकाट्यानं जायची. हा ओटीवर डोळे मिटून बसायचा. मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिला धाडायचा. लाज होती हो, पण लाजेपेक्षा चटक मोठी.

मग भाताच्या रोपांसाठी राब भाजायचे दिवस आले. वाफ्यात पालापाचोळा जळत होता, बनुबाई कडेनं राख सारखी करत होती. ओटीवर मालोजी पाय धरून ओरडला. ती वाफ्यात तशीच उभी, पाय निखाऱ्यावर.

त्यानंतरच्या खेपेला दवाखान्यात अंकितानं त्याला डोळे मिटायला लावलं आणि दोन्ही तळव्यांना जागोजाग बारीक तार टोचून पाहिली.

"टोचतंय?"

"नाय."

"इथं?"

"नाय."

"अजून काहीच फरक नाही, काका." ती बनुबाईकडे वळली. "काकू, पायाला हे काय? केवढं भाजलंय!" आणि तिनं औषधाचा बोळा जखमेवर टेकवला.

"आई आई गं!" मालोजी खुर्चीत कळवळला.

अंकिताचा हात थांबला. तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग बनुबाईकडे. बनुबाई शांत बसली होती.

"मला ठावं हाय," ती नवऱ्याला म्हणाली. "त्या काट्यापासनं. तुमाला बरं वाटतंय ना? मंग जाऊं दे."

मालोजीला वाटलं, जमीन दुभंगावी. मान वर होईना.

"आज मशीन नको लावूया," अंकिता चाचरत म्हणाली. "नकोच."

'हो, नकोच' म्हणायचं होतं. एवढंच तर म्हणायचं होतं.

"लाव, बाय," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

पट्टे लाल झाले. बनुबाईनं डोळे मिटले, हात लावला.

मालोजीचा उजवा हात मांडीवर उताणा होता. रिकामा. त्या तळहाताला काहीतरी लागलं. खरखरीत, सुरकुतलेलं, ऊबदार.

कोपर. त्याचंच, बनुबाईच्या हाताखालचं.

"अवो," मिटल्या डोळ्यांनी बनुबाईनं हळूच विचारलं, "माझा हात लागलाय ना तुमाला?"

"लागलाय," मालोजी म्हणाला, आणि कोपर हलवलं नाही.