तिसऱ्या कड्यावरचा साप

वीतभर साप, पण त्याच्यापायी ताप हातभर! मातीत राहणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेला हा दुर्मीळ जीव फक्त दोन कड्यांवर उरल्याची नोंद होती. तिसऱ्या कड्यावर तो सापडला नाही, तर वनखात्याच्या सोमवारच्या बैठकीत तो कडा संरक्षित यादीतून वगळणार आणि तिथे दगडाची खाण सुरू होणार. म्हणून सर्पतज्ज्ञ भाची निघाली होती. वाट दाखवायला सोबत मामा, निवृत्त वनरक्षक.

तीन दिवस झाले. ओढ्यात शिधा वाहून गेला, जळवांनी पोटऱ्या रक्तबंबाळ केल्या आणि मामांची टकळी काही थांबेना.

"अगं, वर काही नाही. तीस वर्षांपूर्वी मीच पाहणी केली. दगड न् दगड उलटला होता!"

"दहाव्यांदा सांगताय, मामा. वाट कुठे ते सांगा!"

वाट मात्र सांगता येईना. डावीकडे नेलं तर काटे, उजवीकडे दरी. भाचीच्या मस्तकात तिडीक गेली. शेवटी तीच कपारीत बोटं रुतवत चढली आणि मामांसाठी दोर सोडला. मामा धापा टाकत वर आले.

ओल्या पाचोळ्यातला पहिलाच दगड तिने उचलला. साप! काळाभोर, पोटावर पिवळे ठिपके. तिने झडप घातली. पायाखालची माती सुटली! ती कमरेपर्यंत कड्याबाहेर गेली. एका मुठीत गवत, दुसरीत साप.

"सोड त्याला!" मामा ओरडले.

"नाही सोडणार! मला ओढा!"

मामांनी तिच्या कमरेचा पट्टा धरला. सगळा जीव लावून खेचलं. वाचली!

फोटो झाला, मापं झाली आणि साप पाचोळ्यात दिसेनासा झाला.

"पहिल्याच दगडाखाली होता, मामा! तुम्ही काय उलटलं होतंत?"

मामांची मान खाली गेली. "मी वर आलोच नव्हतो गं. गुडघाभर चिखल होता. खालीच बसून 'आढळला नाही' लिहून टाकलं."

तीस वर्षं! भाचीला रडावं की ओरडावं कळेना. त्या एका ओळीने सापाला नकाशावरून पुसलं होतं, आणि आता बैठकीत तीच ओळ तिच्या फोटोवर शंका घ्यायला पुढे येणार होती.

"तेव्हा तुमची नजरचूक झाली म्हणून लिहिते," ती चिडूनच म्हणाली.

"नाही. पाहणी झालीच नाही, असं लिही. खाली मी सही करतो."

"मामा, सगळे तुम्हाला जंगलाचे जाणकार म्हणतात."

मामांनी गुडघ्यावर कागद ठेवला. "सोमवारपर्यंत म्हणू देत."