शेवटचा गडी

काम साधं होतं. फ्रीज, शेगडी, दोन गाद्या आणि वहिनीची शिलाई मशीन टेम्पोत चढवायची, घराला कुलूप घालायचं आणि रविवारी दिवस मावळायच्या आत मुरगूडला परत यायचं. ऋतुराज एकटाच जाणार होता. पण शनिवारी सकाळी तो अंगणात आला, तर अवंतिकावहिनी आधीच टेम्पोत पुढं बसलेली.

“वैनी, तुमी नका येऊ. मी आणतो की सगळं.”

“माझं घर हाय ते, भावजी. कुलूप मी घालणार.”

गगनबावड्याचा घाट उतरून दुपारी दोघं आडबंदरला पोचली.

आडबंदर हे गाव एवढंसं. देवळापासून निघून जेटीपर्यंत चालत गेलं तरी हातातली विडी संपत नाही. गाड्या वेशीवरच्या मैदानात सोडायच्या आणि पुढं सगळं पायी. पाव आणायला पायी, मासे आणायला पायी, समुद्रावर पायी. तिथली एक नारळाची वाडी कुणीतरी विकत घेऊन बारा घरं बांधली होती आणि बाराच्या बारा कोल्हापूरकडच्या माणसांनी घेतली होती. शनिवारी दुपारी यायचं, रविवारी जेवून निघायचं. गावातली माणसं त्यांना ‘शनवारकर’ म्हणत. त्यात राग नव्हता, पण माया पण नव्हती.

राजवर्धन त्या बारा जणांतला एक. ऋतुराजचा थोरला भाऊ. शाहूपुरीत त्याचं पंप दुरुस्तीचं दुकान होतं. पण त्याची खरी ओळख वेगळी. मुरगूडच्या तालमीच्या रस्सीखेच संघाचा तो शेवटचा गडी. दोराचं टोक त्याच्या कमरेला, दोन फेरे मारून. पुढचे सात जण घसरले तरी तो टाच रोवून बसला की बसला. दहा वर्षांत त्याची टाच कुणी उचलली नव्हती.

लहानपणी अंगणात तो ऋतुराजशी खेळायचा. दोराच्या एका टोकाला हा, दुसऱ्याला तो. ओढायच्या आधी राजवर्धन दोराला दोन बारीक हिसके द्यायचा. म्हणजे, तयार हाईस का? ऋतुराजनं उलट दोन हिसके दिले की ओढाओढ सुरू. ऋतुराज शाळा नववीत सोडून बसला, टेम्पो चालवायला लागला, चार ठिकाणी मारामाऱ्या केल्या, पण अंगणातला हा खेळ दोघांनी लग्नकार्यातसुद्धा सोडला नाही.

राजवर्धन मार्गशीर्षात गेला. कसा गेला हे सगळ्या मुरगूडला ठाऊक होतं, कारण ऋतुराजनं सांगितलं होतं. कोळ्यांच्या म्होरक्यानं, तांडेलानं, त्याच्या कमरेला दोर बांधला आणि समुद्रात घालवला. पोलिसांतसुद्धा त्यानं तेच लिहून दिलं होतं. तांडेलावर केस झाली होती. कोळी आपल्या माणसाला वाचवतात म्हणून त्यांचं कुणी ऐकलं नव्हतं.

आणि ते खोटं होतं.

*

शनिवारी संध्याकाळी बारा घरांच्या मधल्या अंगणात चूल पेटली. तांबड्या रश्श्याचा वास सुटला, पोरं चिखलाचे पाय घेऊन धावायला लागली. वाळत घातलेल्या सुक्या मासळीचा वास वाऱ्याबरोबर यायचा आणि रश्श्याच्या वासावर बसायचा. राजवर्धनच्या घराची पायरी तेवढी मोकळी होती. दर शनिवारी रश्श्याची चव बघायचं काम त्याचं असायचं.

शेजारचे दत्तप्रसादकाका, शाळेतून निवृत्त झालेले, वाडगा घेऊन आले.

“ऋतुराज, खा बाबा दोन घास. वहिनीला पण दे.”

“नको काका.”

“उद्या सकाळी रापण हाय म्हणत्यात. तू तिकडं जाऊ नकोस.” काकांनी आवाज खाली आणला. “चार महिने झाले, ह्या किनाऱ्यावर जाळं सरळ येत न्हाय. ओढणारी माणसं सांगत्यात... पलीकडं कोणीतरी हाय म्हणून.”

“पलीकडं समुद्र हाय, काका.”

“व्हय. मी पण तेच म्हटलं.” काकांनी वाडगा पायरीवर ठेवला आणि गेले.

ऋतुराजनं रश्श्याला हात लावला नाही. खिशातला फोन मांडीला टोचत होता. त्या दिवसाचा व्हिडिओ त्यात होता. फोन पाण्यात भिजला, व्हिडिओ गेला, असं त्यानं वहिनीला सांगितलं होतं.

रापण म्हणजे काय, तर होडीतून समुद्रात अर्धगोल जाळं टाकायचं, त्याचे दोन दोर दोन बाजूंनी किनाऱ्यावर आणायचे आणि दोन्हीकडून माणसांनी ओढत जाळं वाळूवर घ्यायचं. जो हात लावेल त्याला मासळीचा वाटा. शनवारकरांना ते फार आवडायचं. पण आडबंदरचा एक नेम होता, आणि बाबल तांडेल तो प्रत्येक वेळी ओरडून सांगायचा. दोर फक्त हातात धरायचा. अंगाला लावायचा नाही. आणि पलीकडून ओढ आली, की सोडून द्यायचा.

त्या रविवारी ओढ आली. “सोडा रे!” तांडेल ओरडला. वीस जणांनी दोर सोडला. राजवर्धननं सोडला नाही. हसला तो. दहा वर्षांत कुणी हरवलं नव्हतं त्याला. आणि समोर उभा राहून फोनवर चित्र घेणारा ऋतुराज ओरडला, “दाद्या, सोडतूस काय येड्या! मार फेरा कमरंला! मुरगूडचं पाणी दाव की!”

राजवर्धननं दोन फेरे मारले. गाठ दिली. टाच रोवली.

पुढचं सगळं चहा ओतायला लागतो तेवढ्या वेळात झालं. दोर असा ताणला की त्यातलं पाणी धुरासारखं उडालं. राजवर्धन तोंडावर पडला आणि वाळूवरून निघाला. नांगराचा फाळ जावा तसा. त्याची नखं वाळूत दहा रेघा ओढत गेली. पुढं काळे खडक होते. त्यावर तो आपटला तेव्हा ओला नारळ फोडल्यासारखा आवाज आला आणि नंतर नुसत्या लाटा. पाऊण तासानं दोर ओढून घेतला तर टोकाला फेरा तसाच होता. गाठ सुटलेली नव्हती. पण फेरा आवळत आवळत मनगटाएवढा झाला होता. आत काही नव्हतं. प्रेतसुद्धा मिळालं नाही.

ऋतुराजनं होडीतलं वल्हं उचललं आणि तांडेलाला मारलं. तांडेलानं हात मध्ये घातला. बोटं मोडल्याचा आवाज ऋतुराजला अजून ऐकू यायचा. तरी तो मारतच राहिला होता.

*

रविवारी सकाळी सामान हातगाडीवर घालून वेशीपर्यंत नेलं. राहिली होती शिलाई मशीन. तेवढ्यात समुद्रावरून हाळी आली. “होऽऽ... लावा हात!” ऋतुराजनं हातगाडी तिथंच सोडली.

“भावजी!” वहिनी मागून धावली. “कुठं निघालाय? भावजी!”

आभाळ स्वच्छ होतं. उन्हानं वाळू चमकत होती. असल्या लख्ख उजेडात भ्यायचं काय, असं कुणालाही वाटलं असतं. बारा-पंधरा माणसं दोराला होती, पण बोलत कुणी नव्हतं. एरवी रापणीला आरडाओरडा असतो, शिव्या असतात. आज नुसता दोर कुरकुरत होता.

बाबल तांडेल मासळीच्या टोपल्यापाशी उभा होता. उजव्या हाताची तीन बोटं वाकडी, एकमेकांवर चढलेली. ऋतुराजला बघून तो मागं सरला नाही.

“इलस? परत मारूक इलस?”

“दोराला हात लावायला आलोय.”

“लाव. हात लावतल्याक नाय म्हणूचो रिवाज नाय आमचो.” त्यानं वाकडा हात वर केला. “ह्या हातान आता जाळा विणूक जमत नाय माका. पण सांगूचा तां सांगतंय. हातातच धर. आणि वढ इली काय सोड. तेच्यावांगडा शर्यत करू नको.”

“त्याच्यावांगडा म्हणजे कुणासंगं?”

तांडेलानं वाकडा हात समुद्राकडं केला.

ऋतुराज दोराच्या अगदी शेवटी जाऊन उभा राहिला. भावाच्या जागेवर. काथ्याचा ओला, कुजका वास नाकात शिरला. त्यानं दोर धरला. थंडगार होता. बर्फातून काढल्यासारखा.

आणि दोराला दोन बारीक हिसके बसले.

तयार हाईस का?

 पुढच्या गड्यांनी मान वळवून एकमेकांकडं बघितलं. त्यांनाही कळलं होतं, पण त्याचा अर्थ फक्त एकट्या ऋतुराजला माहीत होता.

“दाद्या...?” तो पुटपुटला.

पुन्हा दोन हिसके.

त्यानं उलट दोन हिसके दिले. दिले आणि मग कळलं, आपण काय केलं ते.

“सोडा रे! सोडा!” तांडेल किंचाळला. सगळ्यांनी हात काढले. ऋतुराजनं दोर कमरेला फिरवला. एक फेरा. दोन. गाठ. डोक्यात एकच होतं. दाद्या पलीकडं हाय. त्याला ह्या टोकाला कोणीतरी पाहिजे. आपण ओढला तर तो येईल.

ओढ आली. त्याच्या बरगड्या आतल्या आत कडाकडा वाजल्या. तो पाठीवर पडला, टाचा रोवल्या, टाचांची कातडी सोलली. दोर कमरेच्या मांसात शिरला आणि शर्ट तांबडा झाला. दोन कोळी त्याच्या पायाला लोंबकळले, एकाचा खांदा निखळला, तो बोंबलत बाजूला पडला. तांडेलानं मोडक्या हातानं दोर धरला, दोर त्याच्या तळव्यातून सुरीसारखा गेला. खडक जवळ येत होते. तेच खडक.

“दाद्या, म्याच सांगितलंतं तुला!” ऋतुराज ओरडला. तोंडात वाळू, रक्त. “म्याच म्हटलं फेरा मार म्हणून! तांडेलाची चूक न्हाई! मी खोटं बोललो, दाद्या... पोलिसास्नी खोटं, आईला खोटं, वैनीला खोटं... सोड मला! सोड!”

दोर ढिला पडला नाही.

वहिनी त्याच्या पुढं उभी होती. टोपल्यातला कोयता तिच्या हातात होता. तिनं सगळं ऐकलं होतं. ती त्याच्याकडं बघत होती, आणि लाटांचा, माणसांचा, कसलाच आवाज ऋतुराजला ऐकू येईना. तिनं कोयता डोक्यावर उचलला तेव्हा त्याला खरंच कळेना की ती दोर तोडणार की त्याला. आणि त्याला असंही वाटलं, की दोन्हीतलं काहीही चालेल.

पहिला घाव वाळूत बसला. दुसरा दोरावर. तिसऱ्याला दोर तुटला.

तुटलेलं टोक सापासारखं वळवळत लाटांत गेलं. आणि जाता जाता थांबलं. क्षणभर. मग पाण्यात दिसेनासं झालं.

*

परत येताना टेम्पो दत्तप्रसादकाकांच्या मुलानं चालवला. ऋतुराज मागं गादीवर आडवा. कमरेभोवती पट्ट्या. वहिनी त्याच्यापाशी बसली होती, तोंड फिरवून. गगनबावड्याला ती पहिल्यांदा बोलली.

“आईस्नी तुमी सांगायचं. तुमच्या तोंडानं.”

“सांगतो.”

“आणि पोलिसात.”

“व्हय वैनी.”

“मी तुमाला माफ केलंय असं समजू नका. ते माणूस चार म्हैनं मोडल्याला हात घिऊन कोर्टात उभारतंय... आणि तुमी माज्या घरात दोन येळ जेवलासा.”

त्यानं आईला सांगितलं.  आईनं त्याच्या पुढचं ताट उचललं आणि ती आत गेली. सोमवारी त्यानं जबाब बदलला, व्हिडिओ दिला, जे होईल ते होईल म्हणाला. मंगळवारी राजवर्धनच्या फोटोपुढं बसून तो पहिल्यांदा मोठ्यानं रडला. वाटलं, सुटलं. दाद्याला तेवढंच पाहिजे होतं.

पुढच्या रविवारी सकाळी फोन वाजला. बाबल तांडेल.

“कोर्टाचा समजला माका. बरा केलंस,” तो म्हणाला. फोनमध्ये मागं लाटा वाजत होत्या. “पोरा... दोर परत इलो.”

“कुठला दोर?”

“तुज्या वैनीन तोडलेलो. भरतीबरोबर इलो. तुटलेला टोक वाळूर पडलाहा. तेका गाठ मारलेली आसा. फेरो केलेलो आसा.”

“दाद्याचा... त्यो बारका फेरा?”

“नाय. तो मनगटाएवढो होतो. हो मोठो. एक माणूस आत उभो रवात, एवढो.” तांडेलाचा श्वास जोरात चालला होता. “गाठ आमच्याकडची नाय. दुसरा टोक पाण्यात आसा. कोण धरून आसा, दिसना नाय. आमी कोणी हात लावूक नाय.”

ऋतुराजचा हात कमरेवर गेला. पट्टीखालचं मांस ठणकायला लागलं. चुलीपाशी वहिनी उठून उभी राहिली, त्याच्या तोंडाकडं बघत.

“मग असू दे की पडल्याला,” तो कसाबसा म्हणाला. “जाईल भरतीसंगं.”

“दोन भरत्यो येवन गेल्यो, पोरा. जाणा नाय,” तांडेल म्हणाला. “आणि जरा येळ झालो काय... दोन हिसके देता.”