चुकीच्या उत्तराचा वकील

त्या दुपारी बाबांनी मुळांचं वकीलपत्र घेतलं होतं.

"झाडाच्या शेंड्यापर्यंत पाणी कशामुळे चढतं? मी म्हणतो पर्याय ब, मुळांचा दाब," चष्म्याच्या एका फ्रेमचा स्क्रू पिळता पिळता ते म्हणाले. "वर काही न्यायचं तर खालून कुणीतरी ढकलायला हवं. तू सायकल शिकलीस तेव्हा मागून कोण ढकलत होतं?"

"बाबा, पुरावा द्या. भावनिक होऊ नका."

"बाप हाच पुरावा."

ही आमची अभ्यासाची पद्धत. बाबांचं चष्म्याचं दुकान होतं आणि वनस्पतिशास्त्रातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण पदव्युत्तर प्रवेश परीक्षेत मी नापास झाले तेव्हा माझ्या चुका त्यांनी भिंग लावून पाहिल्या आणि निदान केलं. "भिंगरी, बरोबर उत्तर तुला येतं. पण चुकीचं उत्तर गोड बोलतं, आणि तू पाघळतेस." तेव्हापासून रोज दुपारी, गिऱ्हाईक नसताना, ते एखाद्या चुकीच्या पर्यायाची बाजू घेऊन भांडायचे. मी गिऱ्हाइकाच्या उंच स्टुलावर बसून ती बाजू पाडायची. पाडल्याशिवाय पुढचा प्रश्न नाही.

तेवढ्यात अर्धवट उघड्या दाराच्या काचेवर धडकत एक तरुण आत आला. एका हातात चष्मा, दुसऱ्या हातात चष्म्याची तुटकी काडी, केस रिमझिमीत भिजलेले.

"काका, ही... आणि मलाही ब-च बरोबर वाटतंय."

बाबा खूश. "बघ! साक्षीदार चालत आला."

"प्रवेश परीक्षेचाच प्रश्न ना हा? मीही बसतोय," तो म्हणाला. "दुसऱ्यांदा."

"मग तिसऱ्यांदाही बसाल," मी म्हणाले. "पानांतून पाणी उडून जातं म्हणून खालचं पाणी वर ओढलं जातं. मुळं एवढ्या उंच ढकलू शकत नाहीत."

तो डोळे बारीक करून माझ्या दिशेला, खरं तर माझ्या शेजारच्या आरशाकडे, बघत राहिला. "तुम्ही कुठे आहात ते दिसत नाहीये. टोमणा मात्र स्वच्छ दिसतोय."

त्या फ्रेमची काडी दुकानात नव्हती. "मागवतो," बाबा म्हणाले. "तोवर तार बांधून देतो." तांब्याची बारीक तार त्यांनी बिजागरीत गुंडाळली, चष्मा काउंटरच्या काचेवर उलटा ठेवला, वाकून बघितलं. दोन्ही काड्या काचेला टेकल्या की चष्मा नाकावर सरळ बसतो, हा त्यांचा नियम. एक काडी जरा अधांतरी होती. तार किंचित दाबली. टेकली.

त्यानं चष्मा घातला आणि माझ्याकडे बघितलं. या वेळी आरशाकडे नाही.

"आता दिसलात," तो म्हणाला... आणि बघतच राहिला.

"काचा स्वच्छ आहेत ना?" बाबांनी मान वर न करता विचारलं.

घरी जाताना बाबा म्हणाले, "पोरगा हरला, पण हसत हरला. बरा वाटला." मी म्हटलं, "तुम्हाला काय, तुमची बाजू घेणारा कुणीही बरा." ते हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुटाची नाडी बांधायला बाबा खुर्चीत बसल्या बसल्या वाकले, ते पुन्हा सरळ झाले नाहीत.

सगळे फोन मावशीनं केले. दारात येणाऱ्यांना आईनं सांगितलं. मला ते वाक्य एकदाही उच्चारावं लागलं नाही. लोक माझ्याशी हळू आवाजात बोलायचे आणि मी मान हलवायची.

शेवटी आईच म्हणाली, "अभ्यासिकेत जात जा. इथे तू माझं तोंड बघतेस आणि मी तुझं. त्यानं दोघींचंही काही होत नाही."

अभ्यासिकेत लांब टेबलं, डोक्यावर कुरकुरणारे पंखे, खाली घातलेल्या माना. मी प्रश्नसंच उघडला. चारही पर्याय गप्प. कुणीच गोड बोलेना, कुणीच भांडेना. कितीतरी वेळ मी एकाच प्रश्नाकडे बघत होते.

"अहो... टोमणा!"

समोरच्या खुर्चीत तो होता. चष्म्याला तीच तांब्याची तार, आता जरा काळवंडलेली.

"दुकान बंद असतं हल्ली? दोनदा येऊन गेलो. वकीलसाहेब काय म्हणतात?"

मी सांगणार होते. तोंडही उघडलं.

"बरं नाहीये त्यांना," मी म्हणाले. "विश्रांती घेतायत."

"घेऊ देत हो. काडीची घाई नाही. त्यांच्याच हातची बसवून घेईन."

घरात बाबांच्या फोटोला चौकट लागली होती. शेजारपाजारचे 'होते, म्हणायचे, करायचे' असंच बोलत होते. साऱ्या जगात हे एकच टेबल उरलं होतं जिथे माझ्या वडिलांना कुणी 'काय म्हणतात' असं विचारत होतं. ते टेबल सोडवेना.

तो सकाळी एका प्रयोगशाळेत लोकांचं रक्त काढायचा आणि दुपारी अभ्यासाला यायचा. "मला बघितलं की माणसं बाही वर करून तोंड फिरवतात," तो म्हणायचा. "तुम्ही पहिल्या, ज्या बाही वर न करताच तोंड फिरवता."

"मी पुस्तकाकडे बघते. तुम्हीही बघा."

"तुमचा वकील रजेवर आहे. बदली वकील चालेल?"

वकील म्हणून तो अगदीच टाकाऊ होता. आम्ही जिन्यात बसायचो, खिडकीतून पावसाचे तुषार पायऱ्यांवर यायचे, आणि तो चुकीच्या पर्यायाची बाजू मांडायला लागला की त्याचे कान लाल व्हायचे.

"खोटं बोलताय," मी म्हणायची.

"कशावरून?"

"कान बघा. आधीच कबुलीजबाब देतात."

"म्हणजे तू माझ्या कानांकडे बघतेस," तो म्हणाला. हे 'तू' त्याच्या तोंडून सहज निसटलं होतं... आणि मी ते परत दिलं नाही. बाबा गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसले ते त्या जिन्यात, आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

मग त्यानं नवंच काढलं. "आपल्याच्यानं हे काही जमत नाही. वकीलसाहेबांना विचारून ये ना, क-च्या बाजूनं ते काय म्हणाले असते."

मी विचारून यायला लागले.

संध्याकाळी ओट्यापाशी पोळ्या लाटताना बाबांचं भाषण मनात रचायचं आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात त्याला ऐकवायचं. तो मनापासून दाद द्यायचा. "वा! माणूस अंथरुणातूनसुद्धा खिंड लढवतोय!" सुरुवातीला बाबांचा आवाज हुबेहूब येई. नंतर एकेक शब्द माझा शिरू लागला. एकदा तर बाबांच्या तोंडी मी असं वाक्य घातलं, जे ते कधीच बोलले नसते. त्या संध्याकाळी पोळी तव्यावर करपेपर्यंत मी तशीच उभी होते. मी त्यांना जपत होते, की पुसत होते?

परीक्षेच्या आठवड्यात एक छोटं पार्सल आलं. आईनं ते माझ्या ताटाशेजारी ठेवलं. आत चष्म्याची काडी होती.

"यांनी कुणासाठी तरी मागवलेली दिसते," आई म्हणाली. "ज्याची त्याला देऊन टाक. परीक्षा झाली की दुकान रिकामं करायचंय."

"आणि तो माणूस बाबांच्या हातचीच हवी म्हणाला तर?"

आईनं माझ्याकडे नीट बघितलं. "तर त्याला खरं सांग," ती म्हणाली, आणि आमटी वाढली.

परीक्षेत एका प्रश्नाशी मी अडले. पर्याय ड फार गोड बोलत होता. बाबांचा आवाज येईल म्हणून मी पेन्सिल धरून थांबले. आवाज आला, पण तो माझाच होता. मी ड पाडला आणि पुढच्या प्रश्नाकडे गेले.

तो बाहेर फाटकापाशी उभा होता.

"निकाल काय लागायचा तो लागो. आज मात्र वकीलसाहेबांना भेटायचंच. एक प्रकरण त्यांच्यापुढे न्यायचंय."

"कसलं प्रकरण?"

"त्यांच्या मुलीचं. मला ती... फार आवडते. आधी तिला सांगावं की आधी त्यांना, कळेना. सांगून टाकलं बघ."

मी त्याच्या कानांकडे बघितलं. जराही लाल नव्हते.

"चल," मी म्हणाले.

वाटेत तो बाबांना काय काय म्हणायचं ते ठरवत होता. मी शटर वर केलं. आतली बंद हवा अंगावर आली. काउंटरवर धूळ. रिकाम्या फ्रेमा रांगेनं आमच्याकडे बघत होत्या. मी बाबांच्या खुर्चीत बसले आणि हात पुढे केला.

"चष्मा दे."

"अगं, राहू दे. ते बसवतील ना. येतायत का ते?"

"दे."

त्यानं दिला. मी तार सोडवली. बाबांनी घातलेला पीळ घट्ट होता, नखं दुखली. पिशवीतून नवी काडी काढून बिजागरीत धरली, स्क्रू पिळला. ओढणीनं काउंटरची काच पुसली, चष्मा उलटा ठेवला आणि वाकले. एक काडी जरा अधांतरी. मी ती हलकेच दाबली. दोन्ही टेकल्या.

मी चष्मा त्याच्या नाकावर ठेवला. त्यानं माझ्या हातातली सुटी तार बघितली. मग धूळ बघितली. मग खुर्ची, जिच्यात मी बसले होते.

"तुझं प्रकरण मी ऐकलं," मी म्हणाले. "माझं उत्तर हो आहे. पण बाबांपुढे ते नेता येणार नाही."

"का?" त्यानं अगदी हळू विचारलं.

तार अजून माझ्या मुठीत होती.

"तू आलास त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी..." मी थांबले. वाक्य तिथेच संपवता आलं असतं. त्याला कळलंच होतं.

"बाबा गेले," मी म्हणाले. "माझे बाबा गेले."